अप्पांच्या आंघोळीचं पाणी

"मग माझ्यात उणं काय हाय अप्पा, ते तरी सांगा!"

रेवणय्याचा आवाज चढला होता.

अप्पा पंचा नेसून न्हाणीच्या दगडावर बसले होते. डोंगरावरचा मठ, मार्गशीर्षातली सकाळ आणि थकलेलं शरीर. त्यांचे दात वाजत होते.

"आधी पाणी काढ," ते म्हणाले.

मठाची गादी आपल्यामागे कोणाला द्यायची ते अप्पा दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर सांगणार होते. ती रेवणय्यालाच मिळणार, असं पंचक्रोशी धरून चालली होती. मठाची कौलं त्याने शाकारली, विहिरीवर पंप त्याने बसवला, पंगतीत कोणी उपाशी राहू नये म्हणून तो स्वतः उपाशी राबला. पण अप्पा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. रेवणय्याचा जीव टांगणीला लागला होता.

बंब धडधडून पेटला होता. चिंचेने घासून लखलखीत केलेला, तांब्याचा, छातीएवढा उंच. त्याच्या पोटावर ठसठशीत अक्षरं कोरलेली होती : शिवरुद्राप्पा यांजकडून मठास सप्रेम भेट. ती आंघोळ करणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर येत. देवाचं नाव घ्यायचं तर डोळे मिटूनच घ्यावं लागे.

रेवणय्याने तोटी सोडली. घंगाळात उकळतं पाणी पडलं आणि एवढी वाफ उठली की अप्पा दिसेनासे झाले.

वाफेतून त्यांनी बोट बुडवलं.

"आई गं!"

"विसाण घालतो, विसाण घालतो..." रेवणय्याने गार पाण्याची कळशी उचलून भसाभस ओतली.

अप्पांनी पुन्हा बोट बुडवलं.

"गार."

पुन्हा तोटी.

"कढत."

पुन्हा कळशी. घंगाळ काठोकाठ भरलं, वाहू लागलं, आणि एवढी लाकडं जाळून तापवलेलं पाणी मोरीतून परसात निघून गेलं. अप्पा ओल्या दगडावर कुडकुडत बसूनच होते.

"तू आलास आणि हे पुन्हा सुरू झालं," ते म्हणाले. "आधी कढवायचं, मग निववायचं. लेका, हिवाळाभराची लाकडं पौष लागायच्या आत संपत आली. कशी?"

"थंडी लई हाय अप्पा. बंब घटकेत निवतोय."

"का निवतोय?"

रेवणय्या वैतागला. उद्या गादीचा निकाल, आणि आज या माणसाला लाकडांचं पडलंय!

"लाकडांची काळजी सोडा. परसातला फणस तोडायला सांगितलाय मी."

"फणस!"

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

"बंबाला पांघरूण होतं," मग ते म्हणाले. "ते कुठं गेलं?"

रेवणय्याने मान फिरवली.

झालं होतं असं. उद्याच्या कार्यक्रमाची आमंत्रणं देत तो पंधरवडाभर गावोगाव हिंडत होता. काल दुपारी परतला तर बंब ओळखू येईना. भोवती भाताच्या तुसाची गोणपाटं, त्यावर जुनी घोंगडी, वरून सुतळीने आवळलेलं. खाली नुसते चार निखारे. उद्या शिवरुद्राप्पा मोटार घेऊन येणार आणि त्यांचं नाव घोंगडीखाली! रेवणय्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने सगळं ओरबाडून काढलं आणि मठात स्वयंपाक करणाऱ्या म्हाताऱ्या शांतव्वाला जेवायला बसलेल्या पंगतीसमोर फाडून खाल्लं. हा मठ हाय का गुरांचा गोठा? आणि अजून बरंच काही. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शांतव्वाने हातातला झारा खाली ठेवला, आपली पत्र्याची पेटी उचलली, आणि ती खालच्या वस्तीवर भाचीकडे निघून गेली.

"त्या शांतव्वाला कुणी सांगितला होता नसता उद्योग?" रेवणय्या म्हणाला. "बोललो मी जरा जास्त. पण लगेच मागनं माणूस धाडला की! नवंकोरं इरकली लुगडं धाडलं."

"घेतलं तिनं?"

"न्हाई..."

"गवळ्याला बोललास, तवा काय दिलंवतंस?"

"फेटा."

"आणि माळ्याला?"

"...त्याला बी फेटाच." रेवणय्या कळवळून म्हणाला, "पण माझ्या पोटात काही राहत न्हाई अप्पा! भडकतो, घटकेत निवतो. निवलो की ज्याला बोललो त्याचे पाय धरतो. हे तर तुमाला ठाऊक हाय."

"ठाऊक हाय," अप्पा म्हणाले. "पांघरूण तिनं घातलं नव्हतं."

"मग?"

"मी घातलं."

रेवणय्याने हातातली कळशी खाली ठेवली.

"घोंगडी बी माझीच."

"मग... मग ती बोलली का न्हाई तसं?"

"तू बोलू दिलंस?"

बंबात पाणी खदखदत होतं.

अप्पा दगडावरून उठले. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. त्यांनी विसाणाची दुसरी भरलेली कळशी दोन्ही हातांनी उचलली आणि डोक्यावर उपडी केली.

"अप्पा!"

अप्पांचा श्वास अडकला. ओठ काळेनिळे पडले. पंचा अंगाला चिकटला. त्यांनी थरथरता हात बंबाकडे केला.

"आता... कढत ओत."

"काय?"

"वरून कढत ओत माझ्या अंगावर. दोन्ही मिळून कोमट हुईल."

"भाजाल तुमी!"

"का भाजंन? गार ओतलंय की आधी."

"अप्पा, असं कुठं असतंय का!"

"ओत म्हणतो ना! बरोबरी झाली पायजे."

रेवणय्याने तोटीवर हात ठेवला. काढला. पुन्हा ठेवला. मग तो तिथेच ओल्या फरशीवर मटकन बसला आणि रडू लागला. एवढा आडदांड माणूस, पण हुंदके देऊन रडला.

अप्पा वाट बघत उभे राहिले. मग त्यांनाच थंडी सोसवेना.

"अरे, रडून झालं असलं तर काही पांघरायला आण," ते चिडून म्हणाले. "मरतोय मी इथं."

रेवणय्या गोठ्याकडे धावला. काल तिथेच फेकलेली घोंगडी झटकून घेऊन आला आणि अप्पांच्या खांद्यावर टाकू लागला. अप्पांनी ती अंगाला लागू दिली नाही.

"मला उपरणं दे. ही बंबाला घाल."

"त्या नावावरनं?"

"नावावरनंच."

रेवणय्याने बंबाखालची जळती लाकडं ओढून पाणी मारून विझवली. निखारे तेवढे ठेवले. तुसाची गोणपाटं परत लावली, घोंगडी गुंडाळली, सुतळी आवळली. शिवरुद्राप्पा दिसेनासे झाले. अप्पा उपरण्याने डोकं पुसत बघत होते.

काम झालं तरी रेवणय्या जागचा हलेना. सुतळीचं टोक बोटाभोवती गुंडाळत उभा राहिला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"अप्पा... मग उद्या गादीचं?"

अप्पांनी लांब उसासा सोडला.

"आधी शांतव्वाला घेऊन ये. तिच्या आंघोळीचं पाणी तू काढ, अंगाला सोसंल एवढंच तापलेलं... आणि विसाण घालायचं न्हाई."