तिळात कालवलेली राख

“म्हणजे विखुरणं आणि फुटणं एकच. असंच ना, बाबा?”

केराबा बांधावरूनच ओरडला. एका हातात थोरल्या भावाची वही, दुसऱ्या हातात पांढऱ्या फडक्याचं गाठोडं.

मठामागच्या तुकड्यात म्हातारे गोसावीबाबा तिळाचं बी पाटीत ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी चपला काढ. पेरायचं रान आहे.”

केराबाने चपला भिरकावल्या आणि वही उघडली. थोरला जोतीराम तालुक्याला जाऊन इंग्रजी शिकायचा. रोज एक शब्द, त्याचा अर्थ, त्याचं मूळ. केराबाची शाळा चौथीतच सुटलेली. शेवटच्या पानावर बोट ठेवून तो अडखळत वाचू लागला.

“स्कॅटर. विखुरणे, पांगणे, उधळणे. मूळ नक्की ठाऊक नाही. बहुधा ‘शॅटर’चाच भाऊ. शॅटर म्हणजे... फुटून तुकडे होणे.”

“अक्षर देखणं आहे रे पोराचं.”

“अक्षर राहू द्या! दादाचा हा शेवटचा शब्द. उद्या दहावा. सगळे म्हणतात, नदीवर चल, रक्षा सोड. मी नाही सोडणार. एकदा विखुरला की फुटला. मग माझ्याकडे काय राहिलं? सकाळी लिंबाला टांगलेलं गाठोडं काढलं आणि पळत सुटलो.”

“आईला सांगितलंस?”

केराबाने गाठोडं छातीशी आवळलं.

“काही खाल्लंस?”

“भूक नाही.”

“भुकेचं विचारलं नाही मी, गाढवा. खाल्लंस का ते विचारलं.” बाबांनी उपरण्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढे केली. “खा. मग एवढे तीळ फोकून दे. माझे गुडघे धरलेत.”

भाकरी चावता चावता केराबा फुशारला. “त्यात काय अवघड? आख्ख्या गावात माझ्यासारखी मूठ नाही कुणाची. दादा ओटीत बी भरून द्यायचा, फेकायचो मीच.”

“ते माहीत आहे.”

केराबाने मूठ भरली. हात फिरवला. तीळ भसकन निसटले आणि एकाच जागी ढीग झाला.

दुसरी मूठ. पुन्हा ढीग.

“बी खराब आहे तुमचं!”

“तुमच्याच घरचं आहे. जोतीरामानेच दिलंय.”

केराबाची मूठ पाटीतच थांबली.

“तो ओटी भरायचा, तेव्हा तिळात काय कालवायचा?”

केराबाला पेरणीच्या दिवसांतले दादाचे हात दिसले. मनगटापर्यंत करडे. त्याच हातांनी तो घाम पुसायचा, आणि आई हसायची... गोसावी झालाय बघ माझा, म्हणायची.

“राख,” केराबा म्हणाला.

“तीळ फार बारीक. एकमेकांना बिलगून पडतात. मध्ये राख असली, म्हणजे प्रत्येकाला आपली जागा मिळते.” बाबांनी मठाकडे हात केला. “धुनीतली घेऊन ये जा. चाळून आण.”

केराबा उठला. चार पावलं गेला...

परत आला. मातीत मांडी घालून बसला आणि गाठोड्याची गाठ सोडू लागला. गाठ त्यानेच आवळली होती. दात लावावे लागले.

बाबांनी तिळाची पाटी त्याच्यापुढे सरकवली.

केराबाने अस्थी बाजूला ठेवल्या. एक ओंजळ राख तिळात घातली आणि कालवली. पुष्कळ वेळ तो कालवतच राहिला. हात मनगटापर्यंत करडे झाले.

मग मूठ भरून त्याने हात फिरवला.

बी हवेत उघडलं. करडा पदर अलगद रानावर उतरला. कुठेच ढीग झाला नाही.

“दादा...” तो म्हणाला आणि हुंदके देतच त्याने पुढचं पाऊल टाकलं. पुन्हा मूठ. पुन्हा पाऊल. थेट बांधापर्यंत.

परतला तेव्हा पाटी रिकामी होती. डोळे पुसले, तर तोंड करडं झालं. त्याने गाठोड्याला पुन्हा हात घातला.

बाबांनी तो हात धरला. अस्थी आत ठेवून गाठोडं स्वतःच बांधलं, सैलसर, आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

“उरलेली घरी ने. आईची मूठ अजून रिकामी आहे.”