कारभाऱ्याने पुरी केलेली गोधडी

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हेही आता कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. घरं लहान, अंगणं उतरती. सपाट म्हणावी अशी जागा एकच होती आणि तीही डोंगराच्या माथ्यावर. काळ्या कातळाचा रुंद, वाऱ्याने झाडून काढल्यासारखा स्वच्छ सडा.

त्या गावात बायकांची एक रीत होती. केस पांढरे झाले, घर सुनांच्या हाती गेलं, की बाई स्वतःची अशी एक गोधडी शिवायला घ्यायची. संसारभर जमलेली लुगडी, धोतरं, पोरांची अंगडी एकावर एक अंथरायची आणि कडेपासून धावदोरा घालत आत आत जायचं. पण ही गोधडी घरात शिवायची नाही. मैत्रिणींबरोबर डोंगर चढायचा, कातळावर ती पसरायची, काही टाके आपण घालायचे, काही मैत्रिणींनी. कुठे विरलं तर ठिगळ लावायचं, नवा थर चढवायचा. मधला चौक मात्र उघडाच ठेवायचा. ती बाई वारली, की तिच्या मैत्रिणी वर जाऊन तो चौक शिवून टाकत आणि मग ती गोधडी तिच्या अंगावर घालून तिला निरोप देत.

म्हणजे चौक बंद झाला, की बाई गेली. हे सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं. पुरुषांना कोणी सांगितलं नव्हतं, कारण पुरुषांनी कधी विचारलं नव्हतं.

या म्हाताऱ्यांत तिघींची फार गट्टी होती. येसूबाई ही गावच्या कारभाऱ्याची आई. साळू कुंभारीण. आणि तिसरी चिमा, अंगाने एवढीशी, पण बोलायला पुढे. आठवड्याच्या बाजाराचा दिवस सरला, की दुसऱ्या दिवशी सकाळी या तिघी डोक्यावर गोधड्यांची गाठोडी घेऊन डोंगराला लागत.

"साळू, जरा दम खा," चिमा मागून ओरडायची. "वर तुझा नवरा वाट बघत बसलाय का?"

"तो जिवंत असताना कधी माझी वाट बघितली नाही, आता कशाला बघेल," साळू म्हणायची.

येसूबाईला हसू आलं की तिचा गुडघा दुखायचा. मग ती दगडावर बसायची, गुडघा धरून हसायची आणि पुन्हा उठायची. वर गेल्यावर भाकरी, ठेचा आणि एकमेकींच्या टाक्यांची निंदा. "हा टाका आहे की बैलाचं पाऊल?" त्यांचं हसणं कधीकधी गावापर्यंत ऐकू यायचं आणि खाली माणसं अवघडून एकमेकांकडे बघायची. या वयात माणसाने माळ ओढत बसावं, असं गावाचं मत होतं.

आता येसूबाईच्या मुलाविषयी सांगायला हवं. तो वाईट नव्हता. उलट, इतका मायाळू मुलगा त्या पंचक्रोशीत नसेल. त्याचा एकच स्वभाव होता. अर्धवट काम त्याला बघवत नसे. स्वतःचं तर नाहीच, दुसऱ्याचंही नाही. कोणाचा बांध अर्धा राहिला, की हा गडी पाठवून तो घालून द्यायचा आणि वर मालकालाच विचारायचा, "आता बरं वाटतंय ना?"

एकदा गोधडी उन्हात वाळत टाकलेली असताना त्याने ती पहिल्यांदा नीट पाहिली. मध्ये हातभर जागा तशीच उघडी. आतल्या चिंध्या दिसत होत्या. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या गोधड्या त्याने पाहिल्या होत्या. एकजात सगळ्या पुऱ्या होत्या. मग माझ्याच आईची अर्धी का? आणि ती अर्धी असतानाच आई गेली तर? डोंगर उतरताना ती आडवी पावलं टाकते, हे त्याने पाहिलं होतं. तिच्याने हे काम आता होत नाही आणि बिचारी सांगत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं.

येसूबाई काही दिवस लेकीकडे गेली, तेव्हा त्याने गुपचूप ती गोधडी राजधानीला नेली. राजवाड्यात शिवणकाम करणाऱ्या शिंपिणींच्या हाती दिली.

आई परत आली त्या दिवशी त्याने सगळा शेजार अंगणात बोलावला. आईला पाटावर बसवलं आणि तिच्या पुढ्यात गोधडी उलगडली. काम खरोखर देखणं होतं. टाका टाक्याला लागून. आणि मधल्या चौकात लाल दोऱ्याचं कमळ.

"बघ आई," तो म्हणाला. "पुरी झाली. आता तुला त्या डोंगरावर जायला नको."

साळूच्या हातातलं पान खाली पडलं. चिमाने तोंडाला पदर लावला. तिथल्या इतर म्हाताऱ्या उठून भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या, घरात मयत झालं म्हणजे उभ्या राहतात तशा.

येसूबाई वाकली. तळहाताने मधला चौक चाचपू लागली. कडेने, कोपऱ्यांतून, कमळाच्या पाकळ्यांवरून. कुठेतरी एखादी फट असेल अशा आशेने ती बराच वेळ चाचपत होती.

"कोणी घातला शेवटचा टाका?"

"राजवाड्यातल्या शिंपिणींनी."

"मला न विचारता?"

"तुला चकित करायचं होतं."

"केलंस," ती म्हणाली. मग अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "मग मी कधी जायचं, बाबा?"

"कुठे?" कारभाऱ्याने विचारलं.

येसूबाईने गोधडीची नीट घडी केली, आत गेली, ती अंगावर घेतली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

ती उठली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. सुनेने पेज आणली, ती तशीच निवाली. बाजाराचा दिवस गेला, डोंगराचा दिवस आला, तरी तिने कूस बदलली नाही. वैद्य आले. नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि कारभाऱ्याला ओसरीवर घेऊन गेले.

"रोग काही नाही," ते म्हणाले. "पण यांना कोणीतरी जा म्हणून सांगितलेलं दिसतंय. त्यावर माझ्याकडे औषध नाही."

"माझ्या आईला जा म्हणणारा या गावात कोण आहे?" कारभारी संतापला. ते शोधायला तो तडक साळूकडे गेला. ती अंगणात माती तुडवत होती. त्याने वैद्यांचं बोलणं सांगितलं आणि गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या गोधड्या पुऱ्या पाहिल्या म्हणूनच आईची पुरी करून घेतली, हेही सांगितलं.

तिने पाय थांबवले नाहीत. "तू म्हणे सगळ्या म्हाताऱ्यांच्या गोधड्या पुऱ्या पाहिल्यास."

"पाहिल्या."

"कधी पाहिल्यास? त्या जित्या असताना?"

कारभारी आठवू लागला. पहिली आठवली, दुसरी आठवली. आठवता आठवता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"मयतीत," तो म्हणाला.

"हां," साळू म्हणाली. मग तिने त्याला रीत सांगितली. ऐकता ऐकता तो तिथेच त्या ओल्या मातीत बसला. धोतर भरलं, हेही त्याला कळलं नाही. ज्या आईला अर्ध्या गोधडीत जाऊ द्यायचं नाही म्हणून त्याने एवढी धडपड केली, तिला त्याने आपल्या हाताने, चारचौघांसमोर, पाटावर बसवून जायला सांगितलं होतं.

"उसवू या," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

साळू कातर घेऊन आली, चिमाही आली. येसूबाईच्या अंगावरून त्यांनी गोधडी अलगद काढून घेतली आणि कमळाचा लाल दोरा कापायला सुरुवात केली. चौक उघडला. साळूने आत हात घातला आणि तो तसाच थांबला.

आत पांढराशुभ्र नवा कापूस होता.

तिने आणखी उसवलं. कापूसच निघत राहिला. येसूबाईच्या नवऱ्याचं पेरणीचं धोतर नव्हतं. लग्नातलं लुगडं नव्हतं. लहानपणीच गेलेल्या धाकट्या मुलीचं अंगडं नव्हतं.

"आतलं काय झालं?" चिमाने विचारलं.

कारभारी त्या कापसाकडे बघत म्हणाला, "शिंपिणी म्हणाल्या, आतलं सगळं कुजलंय, टाकून देऊ का? मी म्हटलं, द्या."

चिमा मटकन खाली बसली. दारात उभी असलेली सून आत निघून गेली. कारभारी एकाएकी उभा राहिला. "मी माणूस पाठवतो. घोडा पाठवतो. शोधून आणतील."

"चिंध्या कोण जपून ठेवतं?" साळू म्हणाली.

येसूबाईने डोळेही उघडले नाहीत. "राहू दे, साळू," ती म्हणाली. "आत मी नाहीच आता. कशाला उसवतेस?"

त्या दोघी घरी गेल्या. कारभारी उंबऱ्यावर बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यासमोर असं काम होतं, जे कुठून सुरू करावं हेच त्याला कळत नव्हतं.

सकाळी साळू आणि चिमा परत आल्या. दोघींच्या डोक्यावर आपापल्या गोधड्या होत्या. त्यांनी त्या येसूबाईच्या अंथरुणाशेजारी पसरल्या आणि साळूने कातर उघडून स्वतःच्या गोधडीची कड उसवायला घेतली.

दारात गर्दी जमली. असं त्या गावात कधी कोणी पाहिलं नव्हतं. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "अगं, स्वतःची गोधडी स्वतः उसवतेस? काही भलतं झालं म्हणजे?"

"झालंय की भलतं," साळू म्हणाली. "आणखी काय व्हायचंय?"

कड सुटली. आतून तिने एक विटलेलं हिरवं लुगडं ओढून काढलं आणि येसूबाईच्या हातावर ठेवलं. "आमची भट्टी पेटून घर जळलं, तेव्हा मला नेसायला काही नव्हतं. हे तू दिलंस. तुझ्या लग्नातलं दुसरं. माझ्या गोधडीत कधीपासून आहे."

येसूबाईची बोटं त्या लुगड्यावरून फिरली. काठ ओळखीचा लागला, तेव्हा तिने डोळे उघडले.

"आणि हे," चिमा म्हणाली. तिच्या गोधडीतून एक एवढंसं अंगडं निघालं, गळ्याशी नक्षी असलेलं. "तुझ्या धाकटीची दोन होती. एक तू ठेवलंस. एक माझ्या पोरीला दिलंस. पोरीला ते तोकडं झालं, पण माझ्याने टाकवलं नाही."

त्या बायकांनी जन्मभर एकमेकींना नेसवलं होतं, एकमेकींच्या लेकरांना गुंडाळलं होतं. कोणाचा संसार कोणाच्या गोधडीत जाऊन बसला आहे, याचा हिशेब त्यांच्यात कोणी ठेवला नव्हता. म्हणूनच येसूबाई जशी तिच्या गोधडीत होती, तशीच ती या दोघींच्या गोधड्यांतही होती, आणि हे तिला स्वतःलाही त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

ती उठून बसली. अंगडं तिने बराच वेळ नाकाशी धरलं. मग चिमाच्या उसवलेल्या गोधडीकडे पाहून म्हणाली, "काय गं हे टाके. एवढी वर्षं शिवतेस, अजून हात वाकडाच."

"मग चल वर आणि दाखव सरळ घालून," चिमा म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

कारभाऱ्याने डोळे पुसले. "मी डोली बोलावतो. भोई तयारच आहेत. आईला उचलून वर..."

तिघींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"कारभारी," चिमा म्हणाली, "तुम्ही आधी खाली बसा."

तो बसला.

पेज पिऊन अंगात जरा त्राण आल्यावर येसूबाई डोंगराला लागली. पूर्वी ती हसायला थांबायची, आता श्वासासाठी थांबत होती. प्रत्येक वळणाला बसत होती. कारभारी मागून चालत होता. हात पुढे करायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. एका उभ्या चढावर तिचा पाय सरकला, तेव्हा त्याच्या तोंडून आवाज निघाला. तिने झुडूप धरलं, तोल सावरला आणि मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. लहान मुलीने काहीतरी जिंकावं तसा तो चेहरा होता. आपण हाच चेहरा पुसायला निघालो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्या वळणावर आईला नाही, त्याला बसावं लागलं.

कातळावर तीन गोधड्या पसरल्या गेल्या. तिन्ही उसवलेल्या, तिन्हींचे चौक वाऱ्यावर उघडे. येसूबाईच्या गोधडीतला कापूस काढून तिथे ते हिरवं लुगडं आणि ते अंगडं अंथरलं होतं.

"मी काय करू?" कारभाऱ्याने विचारलं.

"सुया ओव," आई म्हणाली. "आम्हाला नेढं दिसत नाही. आणि ओवून झाली, की आमच्या हातात दे. स्वतः शिवायला बसू नकोस."

तो दिवसभर सुया ओवत बसला. तिघी शिवत होत्या, भांडत होत्या, एकमेकींचे टाके उसवत होत्या. आणि हळूहळू येसूबाई पुन्हा हसू लागली, गुडघा धरून.

संध्याकाळी तो गाठोडी घेऊन खाली उतरला, तेव्हा पारावरच्या माणसांनी त्याला गाठलं. "काय कारभारी, आता पुरी कधी होणार आईची गोधडी?"

"देव करो आणि न होवो," कारभारी म्हणाला.

अर्धा बांध पाहून ज्याला जेवण गोड लागत नसे, त्या माणसाच्या तोंडून हे शब्द ऐकून सगळे त्याच्याकडे बघतच राहिले. तो मात्र घरी गेला, पोटभर जेवला आणि पुढच्या खेपेसाठी दोरा आणायला विसरायचं नाही, असं त्याने बायकोला दोनदा सांगितलं.

तात्पर्य : म्हाताऱ्या माणसाचं काम हलकं करावं, पण ते त्याच्या हातून काढून घेऊन संपवू नये.