नाडी कोण बघणार?

कराडचे पुढारी दिग्विजयराव ढमढेरे रोज फेसबुकवर लाइव्ह येऊन साऱ्या आजारांवर एकच काढा सांगत. शंका काढणारा परंपरेचा शत्रू ठरे. तो काढा सुरू करून गावातल्या मुजावरचाचांनी मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या आणि ते चक्कर येऊन पडले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्या वैद्य मृणाल आठल्ये त्या संध्याकाळी चिडूनच लाइव्हमध्ये शिरल्या.

"ताई, आधी सांगा, तुम्ही परंपरेच्या बाजूच्या की विलायती कंपन्यांच्या?" ढमढेऱ्यांनी दरडावलं.

"परंपरेच्याच. म्हणून विचारते, औषध देण्याआधी नाडी बघायची की नाही?"

"बघायलाच हवी. तीच तर आपली थोर परंपरा."

"मग काढा पिणाऱ्यांपैकी कुणाची बघितलीत?"

"अहो, मोबाइलवरून नाडी कशी बघता येईल?"

"मग मोबाइलवरून औषध कसं देता येतं?" मृणालताईंनी शांतपणे विचारलं.

नेटवर्क गेल्याचं सांगून ढमढेऱ्यांनी लाइव्ह बंद केलं. चाचांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. पण ढमढेऱ्यांच्या भक्तांना परंपरेचा मुद्दा मनापासून पटला होता. सकाळी बंगल्यासमोर रांग लागली. साहेब सवयीने हात मिळवायला पुढे झाले, तर पहिल्याच आजोबांनी मनगट उलटं करून समोर धरलं.

"हात राहू दे, दादा. आधी नाडी बघ."