लेआबाईंचे इन्सुलिन

एकदा एका वृद्ध डॉक्टरांनी आपल्या शिष्येने लिहिलेले औषध तिच्यादेखत खोडले आणि त्या जागी दुसरे, सौम्य औषध लिहिले.

डॉक्टरांचे नाव टिपणीस. रेवदंड्यात त्यांचा दवाखाना चाळीस वर्षे चालू होता. शिष्या केतकी मधुमेहाचे विशेष शिक्षण घेऊन वर्षभरासाठी त्यांच्या हाताखाली आली होती. आणि ज्यांचे औषध खोडले, त्या लेआबाई पेणकर. वय एकोणऐंशी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, कुटुंबातल्या. त्यांचे सगळे नातलग केव्हाच इस्रायलला निघून गेले होते. आजारी आईला सोडवेना म्हणून त्या एकट्या मागे राहिल्या, आणि आई गेल्यावर राहूनच गेल्या.

त्यांची साखर कित्येक महिने चढलेली होती. केतकीने कागदावर इन्सुलिन लिहिले. लेआबाई म्हणाल्या, "सुई नको."

केतकीने मूत्रपिंडाचे सांगितले, डोळ्यांचे सांगितले. शेवटी तिने त्यांच्याच बोलण्यात आलेल्या धाकट्या भावाचा दाखला दिला. एलियाझर इस्रायलमध्ये अश्दोदला राहत होता. आजार तोच, साखरही जवळपास तेवढीच. तो सहा वर्षे दिवसातून दोनदा इन्सुलिन घेत होता.

"भाऊ घेतो, मग तुम्हाला काय हरकत आहे, आजी?"

"त्याचं त्याला बरोबर," लेआबाई म्हणाल्या, "माझं मला."

तेव्हाच डॉक्टरांनी कागद आपल्याकडे ओढून इन्सुलिनवर रेघ मारली.

लेआबाई गेल्यावर केतकी म्हणाली, "सर, अडाणीपणापुढे आपणच नमायचं का?"

डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "शुक्रवारी दुपारी त्यांच्या घरी जा. समजवायला नको. नुसती बसून ये."

शुक्रवारी तीन वाजता केतकी गेली. लेआबाई धुतलेले पातळ नेसून फोनजवळ बसल्या होत्या. भावाचा, एलीचा, फोन साडेचारला येतो, असे त्यांनी सांगितले.

"मग आत्तापासून का बसलात?"

"बसवत नाही दुसरीकडे."

मग त्या आपणहून बोलू लागल्या. चार वर्षांमागे दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना इन्सुलिन दिले होते. एका शुक्रवारी सुई टोचून घेतली आणि जेवायला उशीर झाला. साखर एकदम उतरली. स्वयंपाकघरात त्या कोसळल्या.

"फोन वाजत होता, पोरी. मला ऐकू येत होता. हात उचलवत नव्हता. तीनदा वाजला. रात्री शेजारीण आली, तिनं साखरपाणी पाजलं, मी उठले. पण तोवर तिकडं सूर्य बुडून शब्बाथ लागला, आमचा विसाव्याचा दिवस. शब्बाथात एली फोनला हात लावत नाही. मी केला तरी उचलायचा नाही. आख्खा एक दिवस तो मला मेलेली धरून बसला होता. दुसऱ्या रात्री माझा आवाज ऐकला आन् लहान पोरासारखा रडला." त्यांनी पदर सावरला. "तसं परत नाही व्हायला पाहिजे."

साडेचारला फोन आला. बहीणभाऊ मासळीविषयी बोलले, गुडघ्यांविषयी बोलले. मग लेआबाईंनी फोन केतकीच्या हाती दिला आणि त्या चहा ठेवायला आत गेल्या.

केतकीने विचारले, "काका, तुम्हाला नाही का भीती वाटत सुईची? साखर उतरण्याची?"

"उतरते की कधीकधी. सून आहे, नातवंडं आहेत, सरबत घेऊन धावतात," एलियाझर म्हणाला. मग त्याने आवाज बारीक केला. "ताईला सांगू नका, डॉक्टरीणबाई. माझा उजवा डोळा गेलाय. डावा राखायचाय. एकोणीस वर्षं झाली तिला बघून. फोनात काय दिसतं? एकदा यायचंय, आणि तिला डोळ्यांनी बघायचंय. त्याच्यासाठी दिवसातून दहा सुया घेईन मी."

दुसऱ्या दिवशी केतकीने दवाखान्यात येऊन दोघांचेही बोलणे डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर म्हणाले,

"केतकी, औषधाने काय लाभ होईल आणि काय धोका आहे, हे आपण शरीरापुरते मोजतो. माणूस मात्र काय गमावून चालणार नाही, ते आधी ठरवतो आणि मग मोजतो. तिकडे भाऊ कोसळला तर उचलणारे हात आहेत. म्हणून त्याला भय अंधाराचे. इथे उचलणारे कोणी नाही; म्हणून हिला भय पडण्याचे. दोघांनीही नीट विचार केला आहे. आणि दोघेही एकमेकांसाठीच जपून आहेत."

"पण सर, त्यांच्या डोळ्यांना धोका आहेच ना?"

"आहे. तो त्यांच्यापासून लपवायचा नाही. ते सांगायचे काम तुझे."

केतकी पुन्हा लेआबाईंकडे गेली. या वेळी तिने भीती घातली नाही. समोर बसून सांगितले, "आजी, सौम्य गोळीने तुम्ही सहसा पडणार नाही. पण साखर थोडी चढती राहील. त्याने कदाचित पुढे दिसायचं कमी होईल. डोळे दर सहा महिन्यांनी तपासू."

लेआबाईंनी फोनकडे पाहिले.

"ऐकू येईल ना?"

"येईल."

"मग गोळीच दे." जरा थांबून त्या म्हणाल्या, "एली येईल ना, तेव्हा दे तुझी सुई. तो घरात असला म्हणजे मला पडायचं भय नाही."

केतकीने त्यांच्या कागदावर गोळीचे नाव लिहिले. त्याखाली लिहिले, 'भाऊ आल्यावर इन्सुलिन', आणि पुढे तारखेची जागा मोकळी ठेवली.