हवेतला गुडघा

“...आणि तू तिला फायनल खेळ म्हणालास?”

आठल्येबाईंनी चहाचा कप तोंडाशी नेता नेता विचारलं.

“म्हणालो, बाई. गुडघा एकदम ठणठणीत आहे.” डॉक्टर प्रसन्न जगदाळे खुर्चीत ऐसपैस बसला होता.

आता हा प्रसन्न म्हणजे काही साधासुधा गडी नव्हे. शाळेपासून पहिला नंबर सोडलेला नाही. हाडांचा डॉक्टर झाला, तिथंही सुवर्णपदक. मग खेळाडूंचे गुडघे शिकायला म्हणून बाईंकडे आला आणि महिन्याभरातच आपल्याला आता सगळं येतं, असं त्याचं मत झालं. बाईंनी त्याला अजून काही शिकवायला घेतलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी तासगावच्या मैदानावर मुलींच्या लंगडीच्या जिल्हा स्पर्धा होत्या. एका बाजूच्या पोरी चौकोनात दोन्ही पायांनी पळणार, दुसऱ्या बाजूची पोरगी एका पायावर लंगडी घालत त्यांना बाद करणार. मांडवाखाली डॉक्टरांचं टेबल, आणि टेबलाशी हे गुरुशिष्य.

“झालं काय होतं?” बाईंनी विचारलं.

“सेमीफायनलला ती हर्षाली पळताना वळली आणि पडली. डावा गुडघा धरून बसली. मी ओढून पाहिला, दाबून पाहिला. जागचा हलला नाही. पक्का!”

“सूज?”

“थोडी. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून लावलाय.”

“पडताना आत काही जाणवलं का तिला?”

“ते... नाही विचारलं.”

बाईंनी चहाचा घोट घेतला.

“पण बाई, खरी परीक्षा मी पुढंच घेतली,” प्रसन्न पुढं सरसावला. “तिला म्हटलं, लंगडी घालून दाखव. काय सांगू! या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी एक क्षणही त्या डाव्या गुडघ्यावरची नजर हलवली नाही. थरथर नाही, लचक नाही, काही नाही.”

“डाव्या गुडघ्यावर नजर होती?”

“सारखी.”

बाईंनी कप खाली ठेवला. मांडवाचा बांबू धरून उठल्या.

बाईंचा डावा गुडघा म्हणजे गेली कैक वर्षं नुसता कुरकुरणारा. दवाखान्याचा जिना चढताना त्या गुडघ्याला बाई देत त्या शिव्या सगळ्या स्टाफला पाठ. तोच पाय बाईंनी मागं दुमडला आणि बांबूच्या आधारानं एका पायावर उभ्या राहिल्या.

“बघ रे. कसा आहे माझा डावा गुडघा?”

प्रसन्नला हसू आलं. “बाई, तुम्ही तर तो हवेत...”

...

हसू तिथंच थांबलं. कानाच्या पाळ्या तापल्या.

पोरगी उजव्या पायावर लंगडी घालत होती. आणि सुवर्णपदकवाले डॉक्टरसाहेब हवेतला गुडघा तपासत होते.

“अरे देवा,” प्रसन्न म्हणाला.

बाई सावकाश पुन्हा खुर्चीत बसल्या. “फायनल कधी आहे?”

“आता होईलच सुरू.”

“मग बसलायस काय?”

प्रसन्न धावला. धावता धावता त्याला एकेक गोष्ट आठवायला लागली. लंगडी उजव्या पायावर घालेल ती, पण पळायची पाळी आली की दोन्ही पाय लागणार. एक झोकांडी, एक वळण, आणि हाडांना बांधून ठेवणारी आतली दोरी तुटलेली असली तर गुडघा दगा देणार. मग आतली गादीही फाटणार. आज जे थोडक्यात आहे, त्याचं कायमचं दुखणं होणार. आणि पोरीला हो म्हणून कोण बसलंय? आपण!

हर्षाली मैदानाच्या कडेला बूट बांधत होती. शेजारी तिचे कोळेकर सर.

“हर्षाली, जरा बाकावर आडवी हो. पुन्हा एकदा बघतो.”

“आता कशाला वो? मगाशी बघितलासा की.”

“डॉक्टर, तुम्हीच हो म्हणालात,” कोळेकर सरांचा आवाज चढला. “आजच्या खेळावर राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्याचा संघ निवडणार आहेत. पोरीचं आयुष्य आहे हे!”

“म्हणूनच बघतोय, सर.”

हर्षाली तोंड वाकडं करून आडवी झाली. भोवती सगळा संघ गोळा झाला. तेवढ्यात बाईही हळूहळू येऊन पोचल्या आणि कुणीतरी सरकवलेल्या खुर्चीत बसल्या.

“पडलीस तेव्हा आत काही वाटलं का?” प्रसन्ननं विचारलं.

“टक् झालं. मला वाटलं बूटच फाटला. काढून बघितला, तर बूट चांगला.”

प्रसन्ननं गुडघ्याकडं पाहिलं. मगाशी थोडी असलेली सूज आता चांगली तट्ट फुगली होती. आतल्या आत रक्त साचल्याशिवाय गुडघा इतक्या लवकर फुगत नाही, हे तर त्याला पुस्तकातल्या पानासकट ठाऊक होतं. तरी खात्री करायला हवी. त्यानं डाव्या पायाला हात घातला.

“आधी चांगला पाय,” बाई म्हणाल्या.

त्यानं उजवा गुडघा जरासा वाकवला. एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं नडगी पुढं ओढली. नडगी किंचित सरकली आणि थांबली. गाईचं दावं ताणून थांबतं, तशी.

मग डावा. ओढला... हलेचना. पुन्हा ओढला. नुसता दगड.

“बाई, हा खरंच घट्ट आहे.”

“गुडघा घट्ट आहे का मांडी?”

प्रसन्ननं मांडी चाचपली. पोरीनं सगळी ताकद लावून मांडी आवळून धरली होती. आतली दोरी तुटली असली तरी बाहेरचा स्नायू पाय सोडत नव्हता.

“हर्षाली, पाय ढिला सोड.”

“सोडलाय की.”

कुठला सोडतीय! खेळायला मिळणार नाही या भीतीनं ती दात-ओठ खाऊन पडली होती.

“बाई, ही मांडी सोडत नाही. काय करू?”

“हसव तिला.”

“काय?”

“हसव.”

आली का पंचाईत! प्रसन्ननं जन्मात कुणाला हसवलं नव्हतं. त्यानं घसा खाकरला आणि कॉलेजातला एक विनोद सांगितला. सांगताना शेवट आधी सांगून टाकला. कुणी हसलं नाही. कोळेकर सरांनी घड्याळात पाहिलं.

प्रसन्ननं बाईंकडं पाहिलं. बाई गावातल्या पाण्याच्या टाकीकडं बघत बसल्या होत्या.

...

शेवटी त्यानं मोठा श्वास घेतला.

“हर्षाली, मगाशी तू लंगडी घातलीस ना, तेव्हा मी तुझा दुखरा गुडघा नीट निरखत होतो बरं का. अजिबात हलला नाही. म्हणून मी म्हटलं, ठणठणीत आहे.”

“पर डॉक्टर... त्यो तर मी वर धरलावता.”

“हो ना. वर धरलेला गुडघाच निरखत होतो मी. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

मग हर्षाली फिस्सकन हसली. एक हसली तशी सगळा संघ सुटला. एक पोरगी खाली बसली, दुसरी तिच्या पाठीवर थापा मारायला लागली. “हवेतला गुडघा बघत हुता गं!” हर्षालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. कोळेकर सरांच्या मिशाही हलल्या. प्रसन्नला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

आणि त्याच्या हाताखाली मांडी लोण्यासारखी सैल पडली.

त्यानं नडगी ओढली. नडगी पुढं आली... आणि येतच राहिली. थांबवणारं आत काही नव्हतं.

प्रसन्ननं पाय अगदी अलगद खाली ठेवला. हर्षालीनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिचं हसू विरलं.

“खेळू न्हवं?”

“नाही, बाळ. आतली दोरी तुटलीय बहुतेक. सांगलीला जाऊन एमआरआय काढू, म्हणजे नक्की कळेल. मी मगाशी हो म्हणालो, ते चुकलो. सर, चूक माझी आहे, तिच्यावर रागावू नका.”

पोरगी ढसाढसा रडली. प्रसन्नलाही भरून आलं. त्यानं गुडघ्याला फळीचा आधार देऊन पट्टा बांधला, टॉवेलात गुंडाळून बर्फ ठेवला, संघातल्या पोरींच्या पिशव्या रचून त्यांच्यावर पाय उंच ठेवला.

“परत खेळीन का मी?” हर्षालीनं नाक पुसत विचारलं.

“खेळशील. ऑपरेशन लागेल कदाचित, वर्ष जाईल. आज पळली असतीस, तर मला असं छातीठोक सांगता आलं नसतं.”

तिनं मैदानाकडं पाहिलं. मग म्हणाली, “मग ह्यो बाक जरा म्होरं सरकवा. माझ्याबिगर त्या पोरींना कुणामागं लागायचं ते सुधरत न्हाई.”

बाक सरकवला. फायनल सुरू झाली. पाय पिशव्यांवर आणि आवाज अख्ख्या तासगावात, अशी हर्षाली ओरडायला लागली. पंचांनी तिला दोनदा दटावलं. तिनं दोन्ही वेळा मान डोलावली आणि पुन्हा ओरडली.

प्रसन्न बाईंशेजारी येऊन बसला. खुर्चीच्या अगदी टोकावर.

“बाई, आज माझी चूक होती म्हणून ती हसली. नाहीतर मांडी सुटलीच नसती.”

“हं.”

“पण पुढच्या पेशंटला कसं हसवू? तेव्हा सांगायला अशी चूक नसेल माझ्याकडं.”

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. फार मायेनं पाहिलं.

“असेल,” त्या म्हणाल्या.