सुगरणीची वीण नदीपार नेण्याबाबत

विषय : सापाला न उकलणारी घरट्याची वीण नदीपलीकडे शिकवण्यास परवानगी मिळणेबाबत.

जंगलात राज्ये होती त्या काळी एक सुगरण ही वीण येईल त्याला फुकट शिकवी. नदीपलीकडच्या मुनियेच्या अंड्यांवर साप टपला होता. तिला अंडी सोडून येता येईना, म्हणून तिने सुगरणीलाच बोलावले. नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा; तिथल्या नाक्यावर अधिकारी बगळ्याने सुगरणीला अडवले.

"बाई, वीण शत्रूच्या हाती लागेल."

"साहेब, शत्रूचे हेर माझ्याच फांदीवर बसून शिकून गेले."

"ते आले होते. तुम्ही जाताय. जाण्याला परवाना लागतो."

सुगरणीने अर्ज केला. अंड्यांचा जाणकार म्हणून बगळ्याने सापाचा अभिप्राय मागवला. वीण थोडी सैल केल्यास हरकत नाही, असे सापाने कळवले. सुगरणीने नकार दिला.

तोवर मुनियेची अंडी सापाने खाल्ली. अर्ज विचाराधीन आहे.