कल्हईवाला आणि डबीरोटी

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की त्या राज्याच्या राजाचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही, आणि त्यावाचून गोष्टीचं काही अडतही नाही.

त्या राज्यात एक कल्हईवाला राहत होता. राहत होता म्हणायचं आपलं, कारण त्याच्या पायाला भिंगरी होती. खांद्यावर भाता आणि झोळीत कथील घेऊन तो गावोगाव हिंडायचा. लोकांची काळवंडलेली भांडी आतून चांदीसारखी करून द्यायची, त्या घरी दोन घास खायचे आणि पुढचं गाव गाठायचं, असा त्याचा क्रम. कुठे ताजं मिळे, कुठे कालचं. कुणी आग्रहाने वाढे, कुणी दाराआडून ताट पुढे सरकवी. परक्या दारात जेवणाऱ्याला आवडनिवड नसते, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

घरी त्याची म्हातारी आई होती, एकटी. लेक आला की ती हुलग्याचे शेंगोळे करायची. तळहाताला तेलाचं बोट लावून पिठाची वळी वळायची, तिला एक पीळ द्यायची आणि उकळत्या रश्श्यात सोडायची. वास अंगणापर्यंत यायचा. लेक पोटभर खायचा, बोटं चाटायचा आणि भिंतीला टेकून डोळे मिटायचा.

आई म्हणायची, "अरे, बस जरा इथे. हात लाव. एकदा वळायला शिकून घे."

तो म्हणायचा, "पुढच्या खेपेला, आई."

"माझी नाही का शेवटची खेप येणार? तेव्हा पिंडाशेजारी शेंगोळेच ठेव बरं, आणि तेही तुझ्या हातचे. नाहीतर कावळा शिवायचा नाही, सांगून ठेवते!" असं म्हणून ती हसायची. तोही हसायचा. आईचं असलं बोलणं कोण मनावर घेतो?

एकदा भर उन्हात चालता चालता त्याला एका चव्हाट्यावर नवं दुकान दिसलं. स्वच्छ सारवलेलं, रंगवलेलं. फळीमागे एक हसतमुख माणूस उभा होता. त्याच्या अंगठ्यावर भाजल्याचा एक जुना डाग होता.

"या पाहुणे," तो म्हणाला. "डबीरोटी खाऊन बघा."

डबीरोटी म्हणजे मऊ गोल रोटी मधोमध चिरलेली, तिच्यात गरमागरम खमंग टिक्की, आणि टिक्कीवर आंबटगोड लाल चटणी. वर झाकण, खाली डबी. म्हणून ते नाव. मागायचा अवकाश, हातात हजर.

"काय द्यायचं?" कल्हईवाल्याने विचारलं.

"द्यायचं काहीच नाही. तुमच्या घरी सगळ्यात चवदार काय होतं, तेवढं सांगा."

कल्हईवाल्याला हसू आलं. आईचं कौतुक सांगायला कुणाच्या बापाचं काय जातं? त्याने शेंगोळ्यांची गोष्ट अगदी रंगवून सांगितली. दुकानदाराने डोळे मिटून ऐकलं आणि शेवटी एक मोठा आवंढा गिळला, जणू घास गिळतोय.

डबीरोटी छान होती. खोटं कशाला बोला, फारच छान होती. ना कुणाचे उपकार, ना कुणाची वाट पाहणं. पुढच्या गावी पोहोचेपर्यंत ती त्याच्या जिभेवर रेंगाळत राहिली.

पुढच्या गावच्या चव्हाट्यावरही तसंच दुकान होतं. तेच रंग, तीच फळी. फळीमागे तसाच माणूस, तसाच हसणारा, आणि अंगठ्यावर तसाच डाग.

"या पाहुणे," तो म्हणाला. "शेंगोळ्यांत लसूण ठेचून की चिरून, ते मघाशी राहिलं सांगायचं."

कल्हईवाल्याच्या अंगावर काटा आला. मघाशी? मघाचं दुकान तर टेकडीपलीकडे राहिलं होतं. पण पोटात भूक होती आणि समोर ऊन ऊन डबीरोटी होती. भुकेपुढे शंका किती वेळ टिकणार?

"ठेचून," तो म्हणाला.

आणि मग हे रोजचंच झालं. ज्या गावी जावं तिथे दुकान, तिथे तोच चेहरा, आणि तीच चव, ना तीळभर कमी ना तीळभर जास्त. रोज शेंगोळ्यांतलं एकेक काही सांगायचं, मिरची कुठली, फोडणी कसली, रस्सा किती दाट, आणि डबीरोटी घ्यायची. सांगितलेलं काही आपल्याकडून जातंय, असं त्याला कधी वाटलं नाही. बोलल्याने कुठे काय सरतं?

होता होता त्याच्या स्वतःच्या गावीही दुकान आलं. तेव्हा पिंपळाच्या पारावर असा वाद रंगला की विचारू नका.

गावचा म्हातारा गुरव म्हणाला, "टिक्की गरम असते ना? मग धूर कुठे आहे? मी देवळाच्या पायरीवर बसून रोज बघतो. त्या दुकानातून धूर म्हणून निघत नाही. तिथे माशी बसत नाही. कुत्रं शेपूट हलवत उभं राहत नाही. फुकट मिळणाऱ्या अन्नापुढे कुत्रं उभं राहत नाही, हे तुम्हाला बरं लक्षण वाटतं?"

"माशा नाहीत हासुद्धा दोष झाला का, बाबा?" कल्हईवाला म्हणाला. "मी दहा दारचं खाल्लेला माणूस. त्या दुकानात मला कुणी कोण, कुठला म्हणून विचारत नाही. राजाच्या कारभाऱ्याला जी रोटी, तीच मला. कुणाच्या घरात असं होतं, सांगा बरं!"

हे गुरवानेही मान डोलावून कबूल केलं, कारण ते खरंच होतं.

कुंभारीणही तडकून म्हणाली, "धूर नाही म्हणून रडतोय कोण? जो चुलीपुढे बसत नाही तो! तीस वर्षं मी फुंकणी फुंकतेय. माझे डोळे बघा एकदा. आता कुठे दुपारी पाठ टेकायला मिळते. माझं म्हणाल तर त्या दुकानदाराचं भलं होवो."

यावर तर सगळे पुरुष जमिनीकडे बघू लागले.

"नव्याचे नऊ दिवस," गुरव पुटपुटला आणि उठून गेला.

कल्हईवाल्याने आईलाही दुकानात नेलं. म्हातारीने डबीरोटी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एक घास खाल्ला.

"चांगली आहे रे. मऊ आहे, दात लागत नाहीत. कुणाच्या हातची आहे?"

"कुणाच्याच नाही, आई. दुकानाची आहे."

"असं कसं? अन्न कुणाच्या तरी हातचं असतंच." तिने दुकानदाराकडे पाहिलं. तो नेहमीसारखा हसत होता.

"आजी, तुमच्या घरी सगळ्यात चवदार काय होतं, ते सांगा."

म्हातारी म्हणाली, "सांगून काय कळणार तुला, लेकरा? ते करून घालायचं असतं. घरी ये. पाट मांडते, पोटभर जेव."

दुकानदाराचं हसू मावळलं. ते मावळल्यावर त्या चेहऱ्यावर दुसरं काहीच उरलं नाही, ना राग ना दुःख. तो दोन पावलं मागे सरला आणि दुकानाच्या अंधाराला टेकून उभा राहिला. म्हातारीला त्याची कीव आली. लेकाला मात्र आईचीच लाज वाटली.

त्या खेपेला त्याने घरी शेंगोळे खाल्लेच नाहीत. पोट डबीरोटीने भरलं होतं. आईने परातीत मळलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं. "हात लाव" असं ती म्हणाली नाही, आणि "पुढच्या खेपेला" असं तोही म्हणाला नाही.

पुढच्या खेपेला आई नव्हती.

दहाव्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवला आणि सगळे हात जोडून दूर उभे राहिले. झाडावर कावळे होते, पुष्कळ होते. एकही खाली उतरला नाही. लोक म्हणाले, "काही राहिलं असेल तिच्या मनात. कबूल कर बाबा." काय राहिलं ते कल्हईवाल्याला पक्कं ठाऊक होतं.

"थांबा," तो म्हणाला आणि घरी धावला.

त्याने चूल पेटवली. हुलग्याचं पीठ होतं, लसूण होता, मिरच्या होत्या. त्याने डोळे मिटून आईचे शेंगोळे आठवायचा प्रयत्न केला. जिभेवर काहीच आलं नाही. नाव होतं, पण नावामागे काही नव्हतं. लसूण ठेचायचा की चिरायचा? आधी पाणी की आधी फोडणी? जे जे त्याने फळीपुढे सांगितलं होतं, ते ते नेमकं पुसून गेलं होतं. वळी त्याच्या हाताखाली तुटत होती. घाईत अंगठा तापल्या पातेल्याला लागला आणि चांगला भाजला. कसेबसे चार शेंगोळे शिजले. त्याने एक चाखला.

त्याला डबीरोटीची चव होती.

तो पिठाची परात घेऊन कुंभारणीच्या दारी गेला आणि पाया पडून म्हणाला, "वहिनी, माझ्या आईचे शेंगोळे करून द्या."

"अरे, मीही त्या दुकानात सगळं सांगून बसले. मला माझ्याच घरचं आठवेना!" कुंभारीण घाबरून म्हणाली. तिने नुसतं बघावं म्हणून परातीत हात घातला आणि थबकली. बोटं आपली आपण चालू लागली होती. त्यांनी पीठ चेपलं, मीठ घेतलं, गोळा केला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तोंडाला आठवत नाही रे, पण हातांना आठवतंय. हे माझ्या सासूचं थालीपीठ आहे." मग तिने मान खाली घातली. "पण तुझ्या आईचे हात तर गेले. तू कधी तिच्याशेजारी बसला होतास का?"

तो परात उचलून घरी परतला.

त्याने ते चार शेंगोळे पानावर घालून पिंडाशेजारी ठेवले. एक म्हातारा कावळा खाली उतरला, पानाजवळ आला, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला आणि उडून गेला. त्याच्यामागून सगळं झाड उडालं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. लोक आपापल्या घरी गेले. कल्हईवाल्याला ठाऊक होतं की आई उपाशीच गेली.

तो तसाच दुकानावर गेला. भर दुपार होती, चव्हाट्यावर चिटपाखरू नव्हतं.

"माझ्या आईची चव परत दे," तो म्हणाला.

"परत देता येत नाही," दुकानदार म्हणाला. "ऐकलेली चव आम्हालाही लागत नाही. ती नुसती कानातून जाते." मग त्याने कल्हईवाल्याचा हात हातात घेतला आणि ताज्या फोडाकडे पाहिलं. "तूही करून पाहिलंस वाटतं. आम्ही सगळ्यांनीच करून पाहिलं होतं."

आणि त्याने आपल्या अंगठ्यावरचा डाग त्याच्या फोडाशेजारी धरला.

"मग तू इथे काय करतोस?" कल्हईवाल्याने विचारलं.

"वाट बघतो. माझ्या आईसारखं कुणाच्या तरी घरी होत असेल. कुणीतरी येईल, सांगेल, आणि ऐकताच मला ओळखू येईल. अजून कुणी आलं नाही. पुढच्या चव्हाट्यावर एक फळी रिकामी आहे. तिथे उभा राहा. तुलाही कदाचित कुणी सांगेल."

इकडे कुंभारणीने आपल्या घरी चूल पेटवली, पण आधी नवऱ्याला समोर बसवलं आणि लेकांनाही. "धूर मी एकटीने गिळायचा नाही," ती म्हणाली. "सगळ्यांनी हात लावायचे. नाहीतर उपाशी राहा." गावात घरोघर तसंच झालं. काही चवी हातांनी परत आणल्या, काही कायमच्या गेल्या. रोज कुणीतरी नवं माणूस पिठात हात घालू लागलं, आणि दुकानापुढची गर्दी ओसरत गेली. एके सकाळी लोक उठून बघतात, तर चव्हाट्यावर नुसती मोकळी जागा.

कल्हईवाला त्या गावात पुन्हा कुणाला दिसला नाही. त्याचा भाता घरातच खुंटीला राहिला.

पण दूरच्या एका चव्हाट्यावर दुकानाच्या फळीमागे एक हसतमुख माणूस उभा असतो. समोरच्या झाडावर एक कावळा बसलेला असतो. वाटसरू आला की तो माणूस म्हणतो, "या पाहुणे. तुमच्या घरी सगळ्यात चवदार काय होतं?" मग डोळे मिटून ऐकतो, शेवटपर्यंत ऐकतो आणि हळूच विचारतो, "शेंगोळे नाही का होत?"

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, लक्षात ठेवा: नुसती जिभेवर ठेवलेली चव जिभेवरूनच निघून जाते; हातांत उतरलेली चव मात्र करणारं माणूस गेलं तरी घरात राहते.